पानाच्या माथ्यावर

आज एका चित्राकडे बघत बसायचं आहे. चित्र एकच, पण वर्षागणिक बदलत गेलेलं. जवळ संगणक किंवा फोन असला तर बरं, नसला तरी अडत नाही. यातली बरीच रूपं कधी ना कधी तुमच्या डोळ्यांखालून गेलेली असणार.

हे चित्र म्हणजे गेमिंगच्या वेबसाइटचं हेडर. पान उघडलं की सगळ्यात वर पसरलेली आडवी पट्टी: साइटचं नाव, त्यामागे तलवार उपसलेला एखादा योद्धा, एखादं अंतराळयान, धुरात बुडालेलं शहर, नाहीतर चौकोनी ठिपक्यांचा एखादा बुटका नायक. खेळ तिच्या खाली सुरू होतात. बातम्या, परीक्षणं, डाउनलोड, सगळं तिच्या खाली. त्यामुळे आपण तिच्यावरून सरळ खाली उतरतो.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जॅन बेनवे आणि डेव्हिड लेन यांनी ही सवय तपासून पाहिली. पानाच्या माथ्यावर मोठ्या ठळक पट्टीत मांडलेली गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नव्हती. जे शोधायला सांगितलं होतं तेच त्या पट्टीत असलं, तरी नजर ती ओलांडून खालच्या साध्या शब्दांकडे जात होती. माथ्यावर जाहिरात असते, हे डोळा शिकला होता. या शिकण्याचा फटका तिथे चित्रं काढणाऱ्यांनाही बसला. रोज लाखो लोकांसमोर असलेलं आणि तरी क्वचितच कुणी निरखलेलं असं चित्रकलेचं दुसरं दालन मला माहीत नाही. ती सवय आता थोडा वेळ बाजूला ठेवू या.

बघताना एकच प्रश्न सोबत असू द्या: हे कुणी काढलं? उत्तराची घाई नाही. प्रश्न असला की नजर टिकते.

जायचं आहे उलट्या दिशेनं, आजपासून मागे. त्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोचं इंटरनेट अर्काइव्ह आपल्या मदतीला आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये ते सुरू केलं, तेव्हापासून वेबपानांच्या प्रती तिथे साठत आल्या आहेत, आणि २००१ पासून ‘वेबॅक मशीन’ या नावानं त्या कुणालाही बघता येतात. संस्थेची इमारत पूर्वी चर्च होती. तिथल्या मोठ्या सभागृहात, संस्थेत तीन वर्षं किंवा अधिक काम केलेल्या माणसांचे मातीचे छोटे पुतळे उभे आहेत, शिल्पकार न्युआला क्रीड यांनी घडवलेले. दुसऱ्यांची पानं जपणाऱ्या माणसांना असा चेहरा मिळाला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या पानांच्या माथ्यावर चित्रं काढणाऱ्यांना तो मिळालेला नाही.

ओळखीची एक साइट मनात धरा. १९९५ पासूनची गेमफॅक्स, १९९६ च्या गेमस्पॉट आणि आयजीएन, किंवा ज्यांच्या शाळेच्या सुट्ट्या सायबर कॅफेत गेल्या त्यांच्यासाठी मिनिक्लिप, झपाक. वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकला की वर वर्षांची रांग येते आणि खाली दिनदर्शिका. ज्या दिवशी पानाची प्रत घेतली गेली त्या तारखेवर रंगीत गोल असतो. सगळ्यात अलीकडचा गोल आधी निवडा.

आता फक्त वरचा भाग बघा. बोट खाली सरकवू नका.

बहुधा एका सपाट रंगाची अरुंद पट्टी दिसेल. एका बाजूला छोटं बोधचिन्ह, दुसरीकडे शोधायचं भिंग, आणि एकाखाली एक तीन आडव्या रेघा. योद्धा नाही, यान नाही. तरी इथेही थांबा, कारण हेसुद्धा कुणीतरी ठरवलेलं आहे. त्या तीन रेघांचं चिन्ह झेरॉक्स कंपनीच्या १९८१ च्या ‘स्टार’ संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढलं. इथे दाबलं की यादी उघडते, हे मोजक्या ठिपक्यांत सुचवायचं होतं. असंख्य माथ्यांवर आज हेच एक चित्र उरलं आहे, आणि त्याच्या कर्त्याचं नाव सुदैवानं आपल्याला माहीत आहे.

मोठं चित्र का गेलं, ते समजून घेऊ. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्याच्या पडद्याची रुंदी ३२० पिक्सेल होती. संगणकासाठी काढलेलं ९६० पिक्सेल रुंद आणि १५० उंच हेडर त्यात बसवायचं म्हटलं की त्याची उंची उरते ५० पिक्सेल. त्यातल्या योद्ध्याचा चेहरा एवढा लहान होतो की डोळे कुठे आणि शिरस्त्राण कुठे, ते कळेनासं होतं. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या मापानुसार आपली मांडणी बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली आणि काही वर्षांत सगळं वेब त्या वाटेनं गेलं. शब्द नव्या ओळींत ओघळू शकतात, रकाने एकाखाली एक येऊ शकतात. आडवं चित्र ओघळत नाही. ते कापावं लागतं किंवा काढून टाकावं लागतं. बहुतेकांनी काढून टाकलं.

ती चित्रकला मेली मात्र नाही. ती एकेका खेळाच्या स्वतःच्या पाटीवर गेली. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक खेळाला एक हेडर चित्र द्यावं लागतं आणि अनेक वर्षं त्याचं माप होतं ४६० बाय २१५ पिक्सेल. एकट्यानं किंवा दोघा-तिघांनी मिळून खेळ बनवणारी मंडळी या एवढ्याशा आयतासाठी वेगळा चित्रकार शोधतात, आठवडेच्या आठवडे विचार करतात. २०२२ च्या सप्टेंबरपासून स्टीमनं एक नियम केला: या चित्रावर पुरस्कारांच्या मोहरा, परीक्षणातले गुण, सवलतीचे आकडे चालणार नाहीत, फक्त चित्र, खेळाचं नाव आणि त्याचं अधिकृत उपशीर्षक. मला हा नियम मनापासून पटतो. चित्राची जागा चित्राला परत मिळाली.

श्वास सावकाश सोडा आणि २०१० च्या मे महिन्यात या.

इथे आपली निवडलेली साइट घटकाभर सोडून गूगलच्या मुख्य पानावर जाऊ. गेमिंगची साइट नसूनही तिच्या माथ्यावर त्या महिन्यात जे झालं ते या विषयातलं सर्वांत सुंदर पान आहे, असं माझं मत आहे. गूगलनं आपलं नाव प्रसंगानुसार बदलून काढायला १९९८ च्या ऑगस्टमध्ये सुरुवात केली होती. तेव्हा नावातल्या दुसऱ्या ‘ओ’मागे फक्त एक काड्यांचा माणूस उभा केला होता, संस्थापक बर्निंग मॅन उत्सवाला गेलेत हे कळावं म्हणून. बारा वर्षांनी, २१ मे २०१० ला, पॅकमॅनच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त ते नाव चक्रव्यूह झालं. अक्षरांच्या भिंती, भिंतींमधून ठिपक्यांच्या वाटा, आणि वाटांवर पिवळा गोल. चित्राकडे काही क्षण नुसतं बघत राहिलं, की ते आपोआप सुरू व्हायचं. कीबोर्डवरच्या बाणांच्या कळा दाबल्या की तो पिवळा गोल आपल्या म्हणण्यानं चालायचा.

काय झालं त्या माथ्यावर, हे नीट मनात आणा. वर्षानुवर्षं हेडर म्हणजे खेळाकडे जाण्याआधी ओलांडायची जागा होती. इथे खेळ त्याच जागेत होता. खाली जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मूळ पॅकमॅन तोरु इवातानी यांनी जपानच्या नामको कंपनीत घडवला आणि १९८० च्या मे महिन्यात टोक्योत तो पहिल्यांदा लोकांपुढे आला. त्यातल्या चार भुतांना वेगवेगळे स्वभाव आहेत; लाल भूत थेट पाठीमागे लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवतं. ‘डूडल’ म्हटल्या जाणाऱ्या गूगलच्या या चित्रात ते स्वभाव तसेच ठेवले. मूळ यंत्रातल्या चुकासुद्धा पुन्हा तशाच रचल्या. ‘इन्सर्ट कॉइन’चं बटण दोनदा दाबलं की मिस पॅकमॅनही येऊन सोबत खेळायची.

हे कुणी काढलं? इथे उत्तर आहे: रायन जर्मिक आणि मार्चिन विखारी. विखारी यांचे वडील पोलंडमध्ये आर्केड यंत्रांचे आणि पिनबॉलचे तंत्रज्ञ होते. उन्हाळ्यात मुलगा त्यांच्याबरोबर छोट्या गावांतून हिंडायचा, यंत्रं दुरुस्त होताना बघायचा, आणि दुरुस्त झालेली खेळून बघायचा. ज्यानं ती यंत्रं उघडी पाहिली होती त्यालाच मूळ चुका जपाव्याशा वाटल्या, यात मला नवल वाटत नाही. एवढ्या प्रेमानं रचलेलं हेडर मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुन्हा आपल्या साइटकडे. २००५ ते २००९ या वर्षांत फार रेंगाळायचं कारण नाही. १०२४ पिक्सेल रुंदीचे पडदे घरोघरी आले होते आणि हेडर ९६० पिक्सेलांच्या आसपास स्थिरावलं. तीन, चार, पाच, सहा, आठ, बारा, कशानंही नेमका भाग जातो म्हणून ही संख्या मांडणी करणाऱ्यांची लाडकी. २००८ मध्ये नेथन स्मिथ यांनी तिच्यावरून रकान्यांची एक पद्धतच बांधली. अक्षरांवर काचेची चकाकी, खाली पुसट प्रतिबिंब. मोठ्या साइटवर एखादा नवा खेळ बाजारात यायच्या आठवड्यात संपूर्ण माथा आणि दोन्ही कडा त्या खेळाच्या कंपनीला विकल्या जायच्या. तुम्ही निवडलेल्या तारखेला हेडरमध्ये सैनिक दिसला आणि पुढच्या महिन्यात राक्षस, तर ते साइटच्या चित्रकारानं ठरवलेलं नसेल. हेडर तिथे भाड्यानं गेलं होतं. चित्रं कौशल्यानं केलेली आहेत, रंग झगझगीत आहेत, आणि मला त्यांच्यापुढे थांबावंसं वाटत नाही.

आणखी मागे चला. कदाचित आता पडद्यावर काहीच दिसणार नाही.

खालचा मजकूर आहे, दुवे आहेत, पण माथ्याच्या जागी करडा किंवा पांढरा आयत आहे. पान बिघडलेलं नाही. तिथे फ्लॅशमध्ये केलेलं हेडर होतं. जोनाथन गे यांच्या फ्यूचरवेव्ह कंपनीनं १९९६ मध्ये काढलेलं हे सॉफ्टवेअर त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडियाकडे गेलं आणि पुढे २००५ मध्ये अडोबीकडे. ठिपके साठवण्याऐवजी ते रेषांची गणितं साठवायचं, म्हणून मंद जोडणीवरही हलणारं चित्र पोचायचं. गेमिंगच्या साइटना तर ते अगदी हवंच होतं, कारण खेळही त्यातच बनत होते. साइटचं नाव ठिणग्या उडवत जुळायचं, ड्रॅगन पंख हलवायचा, माउस नेला की तोफ वळायची. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सांभाळ थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून जुन्या प्लेअरमध्येही ते चालेनासं केलं.

त्या रिकाम्या आयताकडे बघा. घाईनं पुढची तारीख निवडू नका. इथे कुणीतरी प्रत्येक चौकट हलवून पाहिली होती, पंख जरा उशिरा हलतोय म्हणून पुन्हा बसून सुधारला होता. आयताची लांबी-रुंदी तेवढी राहिली आहे. मूळ फाइल अर्काइव्हमध्ये उतरली असेल तर आशा आहे: रफल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर जुन्या फ्लॅश फाइली आजच्या ब्राउझरमध्ये पुन्हा चालवतं, आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून इंटरनेट अर्काइव्हनंही ते वापरून हजारो फ्लॅश खेळ आणि चलच्चित्रं पुन्हा उघडून दिली. रफल बनवणारे बरेचसे स्वयंसेवक आहेत. दुसऱ्याचं चित्र पुन्हा हलावं म्हणून आपल्या संध्याकाळी देणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे.

काही तारखांना वेगळं काही दिसेल. माथ्याचा डावा तुकडा आहे, उजवा आहे, मधला नाही. योद्ध्याचा हात इकडे, तलवारीचं टोक तिकडे. त्या काळी मोठं चित्र एकसंध पाठवत नसत. फोटोशॉप किंवा फायरवर्क्समध्ये त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा तक्त्याच्या एकेका घरात बसवायचा, आणि घरं एकमेकांना अगदी चिकटतील अशी मापं ठेवायची. जिथे चिकटेनात तिथे एक पिक्सेलाचं पारदर्शक चित्र ताणून फट भरायची. एका तुकड्यावर दुवा, दुसऱ्यावर हलणारी ज्योत, तिसरा नुसती पार्श्वभूमी. अर्काइव्हच्या यंत्रानं त्या दिवशी पाचपैकी चारच तुकडे उचलले, तर आज आपल्याला असं फुटकं चित्र मिळतं. या फटीमुळेच ते कसं बांधलं होतं ते कळतं. प्रत्येक तुकड्याची कड बघा. जोड जिथे दिसू नये तिथेच तो घेतलेला असतो: सावलीत, खांबाच्या रेषेवर, अक्षराच्या मागे. ही नजर असलेला माणूस चांगला कारागीर होता, एवढं नाव न कळताही सांगता येतं.

आता १९९९, २००० च्या आसपास या. इथे जास्त वेळ बसू.

हेडर अरुंद झालं आहे, ७६० पिक्सेलांच्या जवळपास, कारण पडदे ८०० रुंदीचे होते. रंगही कमी झाले आहेत. पुष्कळ संगणकांना एका वेळी २५६च रंग दाखवता यायचे. त्यातले सगळ्या यंत्रांवर सारखे दिसतील असे धरलेले रंग होते २१६: लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या, म्हणजे सहा गुणिले सहा गुणिले सहा. या २१६ मध्ये माणसाच्या कातडीसाठी धड रंग नाही. मावळतीच्या आभाळासाठी एकामागून एक लागणाऱ्या छटा नाहीत. आणि चित्र तर काढायचं आहे मशालीच्या उजेडात उभ्या असलेल्या राजकन्येचं.

प्रतिमा मोठी करा. चारपट, आठपट, ठिपके सुटे दिसेपर्यंत. गालावर पाहा: एक ठिपका नारिंगी, शेजारचा तपकिरी, मग पुन्हा नारिंगी, आणि खालच्या ओळीत नेमकं उलट. दूर गेलं की दोन्ही मिळून तिसराच रंग दिसतो, जो फाइलीत कुठेच नाही. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि अंगावर दिसते ती झाक दोन्हींत नसते. तसंच हे, फक्त इथे विणकाम ठिपक्यांचं आहे.

मिसळ करायची ही रीत दोन प्रकारांनी होते, आणि कोणत्या प्रकारानं झाली ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं. यंत्रानं केली असेल तर ठिपके बहुधा विखुरलेले, वाळू फेकल्यागत दिसतात. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये दिलेली पद्धत प्रत्येक ठिपक्यात झालेली रंगाची चूक पुढच्या ठिपक्यांवर वाटून टाकते, त्यामुळे चित्रात सहसा शिस्तीची नक्षी उमटत नाही. माणसानं हातानं केली असेल तर ठिपके रांगेत असतात, आणि महत्त्वाच्या जागी ते थांबतात. डोळ्याच्या बुबुळात मिसळ नाही, सरळ काळा. ओठांच्या कडेला मिसळ नाही. गालावर आहे, केसांच्या सावलीत आहे. म्हणजे बघणाऱ्याची नजर कुठे जाईल याचा विचार करून एकेक ठिपका बसवलेला आहे.

आता तोच प्रश्न पुन्हा विचारा. नाव अजूनही नाही, पण हात दिसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या दुर्लक्षित चित्रांत जिथे यंत्राची मर्यादा सगळ्यात आवळलेली आहे, तिथे माणूस सगळ्यात स्पष्ट दिसतो. लाखो रंग हाती आले, पडदे रुंद झाले, जोडणी वेगवान झाली, आणि काढणाऱ्याचा निर्णय ओळखणं अवघड होत गेलं. त्यांचे कष्ट कमी झाले असतील असं मला म्हणायचं नाही. कष्टांची खूण चित्रात राहिनाशी झाली.

सणांच्या तारखाही एकदा बघून घ्या. डिसेंबरच्या अखेरीस कितीतरी साइटच्या अक्षरांवर बर्फ साचलेला असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी भोपळ्याचा दिवा लागतो, एक एप्रिलला नावच उलटं होतं. आठवडाभरासाठी केलेले बदल. ते करायला कुणीतरी सुट्टीच्या आदल्या रात्री बसलेलं असतं.

आणखी मागे. १९९७. 

इथे आपण मोठ्या साइट सोडून जिओसिटीजमध्ये शिरू. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी कुणालाही फुकट पान बांधता यायचं, आणि पानं विषयवार वस्त्यांत विभागलेली होती. खेळांची वस्ती होती ‘टाइम्सस्क्वेअर’. तिथे शाळकरी मुलं आपल्या आवडत्या खेळाचं पान काढत आणि माथ्यावर स्वतः चित्र बनवून लावत. वेडीवाकडी अक्षरं, तारांकित आभाळ, पेटती मशाल, ‘काम चालू आहे’ची पाटी. याहूनं १९९९ मध्ये जिओसिटीज विकत घेतलं आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केलं. बंद होण्याआधी ‘अर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी रात्रंदिवस प्रती उतरवून घेतल्या, म्हणून आज त्यातलं बरंच काही आहे. ओल्या ल्यालिना आणि ड्रागान एस्पेनशीड या कलावंतांनी तो साठा वर्षानुवर्षं एकेक पान करून चाळला आहे.

ही चित्रं त्या काळी जशी दिसत तशी बघायची असतील तर ती पोचताना बघायला हवीत. डोळे मिटा आणि हे मनासमोर आणा.

२८.८ किलोबिटचा मोडेम आहे. हेडरची फाइल २० किलोबाइटची आहे, पूर्ण यायला साधारण सहा सेकंद लागतील. चित्र जिफ प्रकारचं आहे. कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूनं १९८७ मध्ये हा प्रकार तयार केला तेव्हाच तो मंद जोडणीसाठी विचारपूर्वक आखला होता. ओळी वरून खाली क्रमानं न पाठवण्याची सोय त्यात आहे. आधी प्रत्येक आठवी ओळ येते आणि ब्राउझर तिला ताणून मधल्या जागा भरतो. सेकंदाच्या आत सबंध माथ्यावर रंगांचे जाड पट्टे पसरतात: वर गडद, मध्ये काहीतरी पिवळं. मग त्या ओळींच्या बरोबर मधल्या ओळी. पिवळ्याला बाजू फुटतात. तिसऱ्या फेरीत दर चौथ्या ओळीच्या मधली, आणि आता ते नाव आहे हे कळतं, शेजारी कुणीतरी उभं आहे. चौथी फेरी सगळ्यात लांब, निम्मं चित्र तीच आणते. अक्षरांच्या कडा धारदार होतात, उभ्या असलेल्याला चेहरा येतो.

हे सहा सेकंद पुन्हा एकदा, सावकाश. जाड पट्टे. बाजू. नाव. चेहरा.

त्या काळच्या पुष्कळ पाहुण्यांना हेडर असं उमटताना दिसत असे. आणि तेव्हाही सगळ्यांना ते दिसत नव्हतं. भारतात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा स्वस्त होती ती ‘शेल’ खाती, आणि त्यांत फक्त अक्षरं दिसत. मुंबईतल्या विद्यार्थ्यानं अशा खात्यावरून खेळाची साइट उघडली की माथ्याच्या जागी चौकटी कंसात एखादा शब्द यायचा. पान बांधणाऱ्यानं चित्राचं वर्णन लिहून ठेवलं असेल तर ते वर्णन. चित्र कल्पनेनं भरायचं. त्या वर्णनाची एक ओळ लिहिणं म्हणजे ज्यांना चित्र दिसणार नाही त्यांचाही विचार करणं होतं. दृष्टिहीन वाचकांसाठी ती ओळ आजही तेच काम करते.

जिफच्या १९८९ च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट होती जी पडद्यावर कधीच येत नाही: फाइलीच्या आत मजकूर लिहून ठेवायची जागा. जुनं हेडर उतरवून घ्या आणि साध्या मजकुराच्या संपादकात उघडा. अगम्य चिन्हांच्या गर्दीत कधी एखादी वाचता येणारी ओळ सापडते. पुष्कळदा तिथे चित्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरनं आपलंच नाव घातलेलं असतं. कधी माणसाचं असतं.

वेब इथे संपतं. एक पाऊल अजून मागे आहे.

१९९० च्या सुरुवातीची वर्षं. एखाद्याच्या घरातला संगणक, त्याला जोडलेला फोन, आणि त्या क्रमांकावर एका वेळी एकच माणूस आत येऊ शकतो. अशा ठिकाणांना बीबीएस म्हणत. ते मुंबईतही होते. तिथे ‘डोअर गेम’ खेळले जात. सेथ रॉबिन्सन यांचा १९८९ चा ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’ त्यातला अतिशय लाडका: दिवसाला ठरावीक चाली, मग उद्या पुन्हा फोन. आत शिरताना स्वागताला चित्र यायचं, आणि ते अक्षरांनी काढलेलं असायचं. ८० रकाने, २५ ओळी, पुढे १६ रंग, मागे ८. ठिपका नाहीच. आयबीएमच्या अक्षरसंचात भरीव ठोकळा होता, अर्धा ठोकळा होता, आणि विरळ ते दाट अशा जाळीच्या तीन छटा होत्या. एवढ्यात ड्रॅगनचे खवले, राक्षसाचे दात, बीबीएसचं नाव.

२४०० च्या मोडेमवर सेकंदाला २४० अक्षरं यायची. पडद्यावर घरं २०००. रंग बदलण्याच्या सूचना वेगळ्याच. म्हणजे दहा सेकंद किंवा जास्त वेळ ते चित्र तुमच्यासमोर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, कुणी आत्ता काढत असल्यासारखं उमटायचं. कर्त्यांना हे ठाऊक होतं. सूचनांची रचना बदलून, खालून वर उडी मारून, डोळे शेवटी आणणंही शक्य होतं.

आणि इथे प्रश्नाचं उत्तर सर्रास मिळतं. हे चित्रकार गटांत काम करायचे. १९९० मध्ये स्थापन झालेला ‘ॲसिड’ आणि १९९१ चा ‘आइस’ हे त्यातले दोन मोठे. दर महिन्याला ते आपल्या सदस्यांच्या चित्रांचा संच काढत. चित्राच्या कोपऱ्यात टोपणनाव असायचं, कोणत्या बीबीएससाठी रंगवलं तेही असायचं. कोपऱ्यातली सही कुणी पुसून चित्र आपलं म्हणून लावू शकतो, शिवाय सही चित्राची जागाही खाते. म्हणून १९९४ मध्ये ॲसिडच्या ऑलिव्हिए रूबन्स यांनी ‘सॉस’ नावाची नोंद आखली. चित्राच्या फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट जोडायचे. त्यात शीर्षकासाठी ३५ अक्षरं, कर्त्याच्या नावासाठी २०, गटाच्या नावासाठी २०, तारखेसाठी ८. चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर ते पडद्यावर आणत नाही, पण मागितलं तर वाचून सांगतं. ‘सिक्स्टीन कलर्स’ या संग्रहात त्या काळचे संच वर्षवार ठेवलेले आहेत. १९९४ नंतरचा एखादा संच उघडा, एखाद्या बीबीएसचं स्वागतचित्र निवडा. शेजारी बहुधा कर्त्याचं टोपणनाव, गट आणि तारीख लिहिलेली असेल. ही माहिती त्याच १२८ बाइटांतून वाचलेली आहे.